कोपराजवळचं वर्तुळ

मुंबईत गोरं व्हायला पार्लरमध्ये जाणारी माणसं पायलीला पन्नास मिळतील, पण काळं व्हायला रांग लागते असं पार्लर अख्ख्या चारकोपात एकच आहे आणि ते माझ्या थोरल्या नणंदेचं आहे. थंडी सुरू झाली आणि नाक्यानाक्यावर शरीरसौष्ठव स्पर्धांचे फलक लागले की वन्संच्या गाळ्याबाहेर पंधरा-वीस आडदांड बाप्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुकाट बसलेले दिसतात. कोणी चारकोपचा, कोणी दिंडोशीचा, कोणी पार मुलुंडहून आलेला. स्टेजवर दिव्यांचा झोत इतका जबरदस्त असतो म्हणे, की साध्या रंगाच्या अंगावर वर्षभर कमावलेले स्नायू दिसतच नाहीत. म्हणून स्पर्धेआधी अंगाला गडद तपकिरी रंग चढवून घ्यायचा, तोही उन्हात न बसता. त्याला टॅन म्हणतात. आत वन्सं असतात, साडेचार फूट उंची, बासष्ट वर्षं वय, नाकावर मास्क, हातात निळे मोजे, आणि बाहेर बसलेल्या त्या सगळ्या दंडबेटकुळ्या मिळून एका बाईला घाबरून असतात.

याची सुरुवात एका सुजलेल्या तोंडापासून झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी वन्संचं पार्लर आयब्रो, फेशियल आणि नवरीचा मेकअप एवढ्यावर चालायचं. एक दिवस समोरच्या व्यायामशाळेतला एक गडी दोन्ही डोळे मिटूनच आत आला. स्पर्धेसाठी मित्रांनी कसलासा रंग तेलात कालवून त्याच्या अंगाला फासला होता आणि अंगभर टरारून फोड उठले होते. वन्संनी त्याला थंड पाण्याने धुतलं, रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं आणि परत येऊन त्याच्या मित्रांना रस्त्यात उभं करून मालवणीत जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मग त्यांनी अंधेरीला जाऊन रीतसर शिक्षण घेतलं. पन्नाशीच्या बाईने वीस वर्षांच्या मुलींबरोबर बसून वह्या भरल्या. परत आल्या त्या एकदम विद्वान होऊन. "हा रंग नाय गो," त्या मला समजावत, "पाव भाजताना वरून तांबूस होतो ना, तसं हे. कातडीचा वरचा मेलेला थर असतो, तो औषध लागल्यावर हळूहळू तांबूस होतो. आठवड्याभरात तो थर झडला की माणूस पुन्हा आपला होता तसा." त्या दिवसापासून मला पाववाल्याकडचा कडक पाव पाहिला की कोणीतरी स्पर्धेला निघालंय असं वाटतं.

वन्संकडे एक दोनशे पानी वही आहे. तीत लिहिलेले प्रश्न विचारल्याशिवाय त्या कोणाच्याही अंगाला बोट लावत नाहीत. दमा आहे का, कसली ॲलर्जी आहे का, अंगावर जखम आहे का, केस कधी काढले. आदल्या दिवशी वस्तरा फिरवला असेल तर कातडी कच्ची असते, थांबायचं. माणूस "नाही ताई, नाही ताई" करत सुटला की त्या वही मिटतात आणि म्हणतात, "आईला फोन लाव." चाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला भर पार्लरमध्ये आईला फोन लावून 'मला लहानपणी दमा होता का गं' असं विचारताना मी स्वतः ऐकलंय. आणि त्यात गंमत म्हणजे त्याला होता. प्रश्न संपले की वन्सं त्याच्याभोवती एक फेरी मारतात आणि वास घेतात. अंगाला डिओ, परफ्यूम, तेल काही चालत नाही, रंग डागाळतो. "मेल्या, सेंट मारून इलंस? जा, आंघोळ करून ये," म्हणून त्या लोकांना पार गोरेगावपर्यंत परत पाठवतात.

पण या सगळ्याच्या आधी असतं ते वर्तुळ. कोपराच्या आतल्या बाजूला औषधाचा एक ठिपका लावायचा, त्याभोवती बॉलपेनने गोल काढायचा, खाली तारीख आणि वेळ लिहायची आणि माणसाला घरी पाठवायचं. चोवीस तासांनी यायचं. गोलात लाली, खाज, पुरळ काही नसेल तर पुढचं बोलणं. स्पर्धांच्या दिवसांत आमच्या सेक्टरात भाजी घेताना, एटीएमच्या रांगेत कोपराजवळ गोल काढलेली माणसं दिसतात. या वर्तुळाचं वेड वन्संना इतकं लागलं, की घरात कुठलीही नवी गोष्ट आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "थोडंसं लावून बघितलंस का?" भांड्यांचा नवा साबण आणला, थोडंसं लावून बघ. माझ्या नवऱ्याने केसांना कलप आणला, त्याच्याही कोपराजवळ गोल. आम्ही नवी कामवाली ठेवली तेव्हासुद्धा, "एक दिवस येऊ दे, चोवीस तास बघ, मग ठरव." एवढंच काय, मोदी सरकारने नोटा बदलल्या तेव्हाही त्यांचं म्हणणं हेच होतं, की आधी एका वॉर्डात लावून बघायला हवं होतं.

गोल स्वच्छ निघाला की मागच्या खोलीत प्रवेश. तिथे कापडी तंबू आहे आणि भिंतीत भला मोठा एक्झॉस्ट पंखा. माणसाच्या डोळ्यांवर चष्मा, नाकपुड्यांत कापसाच्या गाळण्या, ओठांवर जाड मलम, कोपर-गुडघे-टाचांवर क्रीम, कारण कोरडी कातडी रंग जास्त पिते. तळवे आणि नखंही झाकायची, नाहीतर लोक विचारतात हळद खेळून आलास का. मग फवारा. हे औषध वरून लावायचं आहे, पोटात किंवा छातीत जायचं नाही, हे वन्संचं पालुपद. "श्वास धर. धरलास? आता तोंड मिट. सोड. परत धर." बाहेर बसलेल्यांना आत बाळंतपण चाललंय असं वाटावं. स्वतः वन्सं तर मास्क आणि चष्मा कधीच काढत नाहीत. एकदा मी म्हटलं, घामाघूम होता, जरा काढा की. तर म्हणाल्या, "ते वर्षातून एकदा घेतात, मी रोज घेते. माझी फुप्फुसं काय भाड्याची आहेत?" आणि रंग झाल्यावर सूचनांची यादी. आठ तास अंगाला पाणी नाही, घाम नाही, सैल जुने कपडे. तरी रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकाला फोन जाणारच, "घाम आला नाय ना रे?" भर दुपारी एखादं गिऱ्हाईक उघडं-वाघडं बाइकवर दिसलं तर त्या रस्त्यातच ओरडतात, "रंग म्हणजे छत्री नाय! उन्हाचं क्रीम लाव!"

त्यांचा हट्ट महागातही पडतो. दिंडोशीचा एक इलेक्ट्रिशियन स्पर्धेच्या दिवशी सकाळी आला. वर्तुळ नाही, काही नाही. ज्याच्याकडे ठरलं होतं तो ऐनवेळी गायब झाला होता. वय छत्तीस, पुढच्या वर्षी शरीर साथ देईल की नाही ठाऊक नव्हतं. तो अक्षरशः पाया पडला. वन्सं रडल्या, पण रंग लावला नाही. तो तसाच स्टेजवर गेला आणि पहिल्या फेरीत बाद झाला. वर्षभर तो वन्संच्या गाळ्यावरून मान वळवून जायचा. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दोन दिवस आधी आला आणि बाही वर सारून कोपर पुढे केला. वन्संनी बॉलपेन उचललं आणि गोल काढला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पार्लरमध्ये कधीच मिळाली नाही. गोरं करणारं क्रीम. कोणी मागितलं तर त्या सरळ सांगतात, "तो माल मी ठेवत नाय, समोर मेडिकलमध्ये विचार." त्यामुळे किती बायका गेल्या असतील. यामागचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वन्सं काळ्या. सावळ्या वगैरे नाही, चांगल्या काळ्या. सासरे गिरणीत होते, परिस्थिती बेताची, आणि मुलगी काळी. बघायला येणारे पोहे खाऊन जायचे आणि कळवतो म्हणायचे. शेवटी वन्संनीच ते बंद केलं आणि पार्लरचा कोर्स केला. मग धाकट्या भावासाठी मी आले. माझ्याबद्दल सासूबाई पहिल्या दिवसापासून एकच शब्द बोलायच्या, 'गोरी'. गोरी सून, दुधासारखी सून, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईसमोर माझा हात उचलून दाखवायच्या. वन्सं तिथेच अत्तराची कुपी घेऊन उभ्या असायच्या. मला वाईट वाटायचं हे खरं, पण ते कौतुक मला आवडायचं हेही खरं. खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताच्या बोटावर एक पांढरा ठिपका आला. मग शेजारच्या बोटावर, मग डाव्या हातावर, मनगटापर्यंत. डॉक्टर म्हणाले कोड आहे, कोणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, औषधाने हळूहळू फरक पडेल. पडला नाही. मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले. हळदीकुंकवाला जाणं सोडलं, कारण अत्तर लावायला हात पालथा पुढे करावा लागतो आणि समोरची बाई क्षणभर थांबते. तो क्षण मला सोसायचा नाही. मी काही न सांगता हे सगळं वन्संना कळलं होतं. त्या फक्त एवढंच करायच्या, की घरी आल्या की पाण्याचा पेला माझ्या हातातूनच घ्यायच्या.

मग लेकीचं जमत आलं. मुलगा मुलुंडचा, दोघांची ओळख नोकरीतली. मुलाला माझ्या हातांचं माहीत होतं, त्याला काही वाटत नव्हतं, पण त्याच्या घरच्यांना त्याने सांगितलं नव्हतं. ते रविवारी दुपारी जेवायला आणि बोलणी करायला येणार होते. माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. हे आईला आहे, उद्या मुलीला होईल, असं म्हणून ते उठतील आणि माझ्या हातांमुळे लेकीचं मोडेल. शुक्रवारी दुपारी मी वन्संच्या गाळ्यात गेले आणि दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वही उघडली.

"वय?"

"वन्सं, तुम्हाला माहीत आहे की."

"सांग गो. वहीला माहीत नाय."

सगळे प्रश्न विचारले. माझ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्याकडून होकार घेतला, मग कोपराजवळ गोल काढला. शनिवारी दुपारी चार वाजता गोल स्वच्छ होता. फवारा नाही, त्यांनी बारीक ब्रश घेतला, कारण रंग फक्त पांढऱ्यावर लागायला हवा, आजूबाजूच्या कातडीवर गेला तर तिथे आणखी गडद कडा उठते. एकेका ठिपक्यावर पातळ हात, मग वाळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा हात. बाहेर स्पर्धावाले ताटकळत होते. दीड तास माझे हात त्यांच्या हातात होते. अठ्ठावीस वर्षांत आम्ही एकमेकींचा हात एवढा वेळ कधी धरला नव्हता, आणि माझ्या मनात सारखं हळदीकुंकू येत होतं, सासूबाईंनी उचललेला माझा हात आणि अत्तराची कुपी घेऊन उभ्या असलेल्या वन्सं. मला माफी मागायची होती. मी म्हटलं, "खुर्ची फार कडक आहे तुमची." त्या म्हणाल्या, "हलू नको. आणि ऐक, आठ तास पाणी नाय."

घरी मी दोन्ही हात हवेत धरून बसले. रविवारची सकाळ मासळी बाजारात जाणार म्हणून नारळाचा रस शनिवारीच काढून ठेवायचा होता. सोलकढीचा. नवरा म्हणाला, मी काढतो. त्याने खोबरं मिक्सरला लावलं, कोमट पाणी घातलं आणि पिळायला बसला. मी बघत होते. तो खोबऱ्याला कुरवाळत होता. पांढरं पाणी गळत होतं, रस म्हणता येणार नाही असं. चोथ्यात अर्धा नारळ शिल्लक होता आणि तो म्हणाला, झालं. कोकणातल्या बाईला याच्यापुढे सहन होणं शक्य नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी "सरका" म्हणाले आणि माझा उजवा हात मनगटापर्यंत परातीत होता. दोन नारळ पिळून झाल्यावर नवऱ्याने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. तो रस ओतून दिला आणि पाहुण्यांसाठी दुसरे नारळ त्याच्याकडूनच पिळून घेतले.

रविवारी सकाळी डावा हात बघण्यासारखा झाला होता. कुठे पांढरं होतं तेसुद्धा शोधावं लागत होतं. उजव्या हातावर मात्र पट्टे उठले होते, कुठे तपकिरी, कुठे पिवळट, कुठे पांढरंफटक. याच्यापेक्षा नुसतं कोड बरं होतं. मी रडत फोन केला. वन्सं धावत आल्या, हात उलटसुलट करून पाहिला.

"मोजा घालायचा होतास."

"मोज्याने रस निघत नाही, वन्सं."

हे त्यांना पटलं. कोकणातल्या त्याही आहेत. मी म्हटलं पुन्हा लावा, जाड लावा. तर म्हणाल्या, आत्ता लावलेला रंग संध्याकाळी चढेल, पाहुणे तासाभरात येतील. मग पर्समधून त्यांनी नवरीच्या मेकअपची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. "हा लगेच लागतो. तू सांगशील तर लावते." आणि मग खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता बोलल्या, "शेवटचे बघायला आलेले ना, तेव्हा आईने मला पावडर लावली होती. हनुवटीपर्यंत. मान राहिली. ती माणसं तासभर बसली आणि तासभर मी मान खाली घालून बसले, गळा दिसू नये म्हणून. नाय म्हणाले त्याचं काय वाटलं नाय गो. पण चहा कोणी प्यायला, कोण काय बोललं, मला काय आठवत नाय. माझ्याच घरात मी तासभर नव्हते."

मी डबी त्यांना परत दिली. लांब बाह्यांचा ब्लाउजही बदलला. 

पाहुणे आले, बसले, जेवायला वाढलं. मुलाच्या आईची नजर माझ्या हातांवर आली आणि थांबली. तोच तो क्षण. त्यांनी घाईने वाटी तोंडाला लावली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "सोलकढी सुंदर झालीय हो."

"तिच्यापायीच घोटाळा झाला," मी म्हटलं. "कोड आहे मला. तुमच्यासमोर लपवावं म्हणून काल रंग लावून घेतला होता, पण आधीचा रस पिळायला हात घातला आणि उजवा गेला. डावा बघा, डावा छान आलाय." मी दोन्ही हात ताटाशेजारी पालथे ठेवले. लेक माझ्याकडे बघत राहिली, तिचे डोळे भरले होते. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. शेवटी मुलाच्या आई डाव्या हाताकडे वाकून बघत म्हणाल्या, "खरंच कळत नाही हो. कोणी लावला?" आणि स्वयंपाकघरातून वन्संचा आवाज आला, "मी लावते. पण चोवीस तास आधी यावं लागेल."

हसले सगळे, पण हसण्याने सोयरीक होत नाही. निघताना ते "कळवतो" म्हणाले. वन्संनी तो शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. सोमवार गेला, मंगळवार गेला. डाव्या हाताचा रंग रोज थोडा उतरत होता. वन्सं रोज येऊन हात बघायच्या, फोनचं विचारायच्या नाहीत. लेक म्हणायची, आई, तू केलंस ते बरोबर केलंस, पण रात्री जेवत नव्हती. मला वाटायचं, डबी लावली असती तर. शनिवारी सकाळी दोन्ही हात पुन्हा सारखे पांढरे झाले आणि दुपारी फोन आला. मुलाच्या आई म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत होतीच. घरात दोघातिघांना समजवायला वेळ लागला. मी त्यांना म्हटलं, जे सांगून टाकतात त्यांच्याशी नातं जोडायला भीती कसली?" मी वन्संना सांगायला गाळ्यात धावले. त्या आत कोणाला तरी श्वास धरायला सांगत होत्या. मी दाराबाहेरूनच ओरडले, "हो म्हणाले!" आत फवाऱ्याचा आवाज थांबला तो थांबलाच. मग त्या बिचाऱ्या माणसाचा घुसमटलेला आवाज आला, "ताई, सोडू का आता?"

लग्न गेल्या डिसेंबरात झालं. भर स्पर्धांच्या दिवसांत वन्संनी आठ दिवस गाळा बंद ठेवला. माझ्या हातांना रंग लावू का असं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं, तर थोड्या हिरमुसल्या. अलीकडे त्यांचा हात जरा कापतो. बारीक ब्रशचं काम अजून किती वर्षं जमेल कोण जाणे, म्हणतात. लग्नात अत्तर लावायला मी त्यांना माझ्याशेजारी उभं केलं. आलेल्या बायकांना लावण्याआधी पहिलं त्यांनी मला लावलं आणि मी हात पालथा पुढे केला. अल्बम करणारा नंतर घरी नमुना घेऊन आला, म्हणाला, काकी, सगळ्यांचे चेहरे थोडे उजळ करून देतो, सगळेच करून घेतात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सासूबाईंनी वन्संचा चेहरा असाच उजळ करून घेतला होता, इतका, की त्या कोणी परकी बाईच वाटतात. मी त्याला सांगितलं, एकही चेहरा बदलायचा नाही.

अल्बम आल्यावर वन्संना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा पुसला आणि अत्तराच्या फोटोवर थांबल्या. त्यात माझा ठिपक्याठिपक्यांचा हात त्यांच्या काळ्याभोर हातात आहे आणि त्या मान वर करून कॅमेऱ्याकडे बघताहेत. गळा पूर्ण दिसतोय. बासष्ट वर्षांच्या बाईने आपला फोटो प्रथमच बघावा तशा त्या किती वेळ बघत राहिल्या. गिऱ्हाईक आरशासमोर उभं करून तपासतात तसं त्यांनी तो फोटो उजेडाकडे धरला, तिरका केला, सरळ केला.

"रंग बरोबर आलाय," त्या म्हणाल्या. मग अल्बम मांडीवर ठेवून, त्यावर हात ठेवून, गिऱ्हाईक बाहेर ताटकळत असताना त्या तशाच बसून राहिल्या.